छोट्या स्क्रीनवर विंडोंची चळत कशी लावायची

जुलै संपत आला की लोकांचे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या आमच्या केंद्रातल्या संगणकावर एकाच वेळी काय काय उघडं असतं ते आधी सांगते. पीक विम्याचा अर्ज, शेतकऱ्याचा सातबारा, आठ-अ (त्याच्या जमिनीचा खाते उतारा), पासबुकाचा स्कॅन, आधारचा स्कॅन, कॅल्क्युलेटर, स्कॅनरचं सॉफ्टवेअर, प्रिंटरच्या रांगेची छोटी विंडो आणि सकाळपासून अर्धवट पडलेला कोणाचा तरी उत्पन्नाचा दाखला. स्क्रीन मात्र साडेअठरा इंची, 1366 बाय 768 ची. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या केंद्रांवरही बहुतेक असाच मॉनिटर दिसतो. मोठा घ्यावा असं सगळ्यांनाच वाटतं, पण त्याआधी इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची असते.

पीक विमा असो की फार्मर आयडी, आपलं निम्मं काम एकीकडे बघून दुसरीकडे लिहिण्याचं आहे. गट नंबर, खाते क्रमांक, क्षेत्र, बँकेचा खाते नंबर, आयएफएससी कोड. नंबर वाचायचा, विंडो बदलायची आणि आठवून टाइप करायचा, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. पंधरा आकडी खाते नंबर डोक्यात धरून कोणी एका विंडोतून दुसरीत नेऊ नये. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर भरपाईचे पैसे अडकतात, आणि ते पावसाळा संपल्यावर कळतं. वाचायचा कागद डोळ्यांसमोर आणि कर्सर अर्जात, असंच काम झालं पाहिजे.

दुसरं कारण समोरच्या स्टुलावर बसलेलं असतं. काकाजी स्क्रीनकडे मान लांब करून विचारतात, "बाई, माह्या वावराचा नंबर बरोबर टाकला ना?" तेव्हा नुसतं "हो" म्हणून भागत नाही. सातबाऱ्यावरचा नंबर आणि अर्जातला नंबर दोन्ही एकाच वेळी त्यांना दाखवता आले पाहिजेत. त्यांचं वावर आहे, खात्री त्यांची झाली पाहिजे. त्यासाठी कोणती विंडो वर राहील आणि कोणती खाली जाईल, हे संगणकाच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

अर्धी-अर्धी स्क्रीन का पुरत नाही

पहिला सल्ला सगळे हाच देतात की विंडोज की धरून डावा बाण दाबा, विंडो डाव्या अर्ध्यात बसेल. दुसरी उजव्या बाणाने उजवीकडे बसवा. मोठ्या मॉनिटरवर हे उत्तमच आहे. आपल्या स्क्रीनवर मात्र प्रत्येकीच्या वाट्याला 683 पिक्सेल येतात. एवढ्या रुंदीत बहुतेक सरकारी पोर्टलचे अर्ज नीट मावत नाहीत. रकाने एकाखाली एक घसरतात, "पुढे जा" चं बटण उजवीकडे गायब होतं आणि आडवं सरकवता सरकवता जीव जातो.

म्हणून अर्जाला पूर्ण रुंदी द्यायची आणि बाकीचं त्याच्यावर किंवा त्याच्याखाली ठेवायचं. 1985 च्या विंडोज 1.0 मध्ये मुख्य विंडो एकमेकींवर चढतच नव्हत्या, शेजारी-शेजारीच बसायच्या. 1987 च्या 2.0 पासून त्या एकीवर एक येऊ लागल्या. छोट्या स्क्रीनवाल्यांना ही सोय खरोखर कामाची आहे, फक्त ती चालवायची कशी ते माहीत पाहिजे.

चळत कशी चालते

टेबलावर सातबाऱ्यांचा गठ्ठा असतो, तसंच हे आहे. मधला एक कागद ओढून वर ठेवला तरी बाकीच्यांचा क्रम बदलत नाही. तुम्ही एखाद्या विंडोवर क्लिक केलं की ती गठ्ठ्यातून निघून सगळ्यात वर येते, बाकीच्या होत्या त्याच क्रमाने खाली राहतात.

विंडोजमध्ये या साध्या गठ्ठ्याच्या वर आणखी एक वेगळा गठ्ठा असतो, "नेहमी वर" राहणाऱ्या विंडोंचा. टास्कबार त्यातलाच आहे, म्हणून तो सहसा झाकला जात नाही. तुम्ही एखादी विंडो त्या वरच्या गठ्ठ्यात टाकली की खालच्या गठ्ठ्यातल्या कितीही विंडोंवर क्लिक करा, ती झाकली जाणार नाही. त्या वरच्या गठ्ठ्यात दोन-तीन विंडो असतील तर त्यांचा आपसातला क्रम मात्र पुन्हा क्लिकवरच ठरतो. सगळंच वर ठेवलं तर काहीच वर राहत नाही. मी एका वेळी एकच ठेवते, फार तर जोडीला कॅल्क्युलेटर.

फाइल निवडण्याची, प्रिंटची किंवा "सेव्ह करायचं का?" विचारणारी छोटी विंडो ही ज्या विंडोने ती उघडली तिच्या मालकीची असते. ती मालकिणीच्या खाली जाऊच शकत नाही. तिला उत्तर दिल्याशिवाय बहुतेक वेळा मूळ विंडोही क्लिक घेत नाही, नुसता टणकन आवाज येतो. हे पक्कं लक्षात ठेवा, खाली कामाला येणार आहे.

ऑल्ट-टॅब, पण नीट

ऑल्ट-टॅब सगळ्यांना येतं असं सगळे म्हणतात. पण ते ज्या क्रमाने विंडो दाखवतं, तो क्रम शेवटच्या वापराचा असतो, हे कमी जणांनी पाहिलेलं असतं. आत्ता ज्या विंडोत आहात ती पहिली, तिच्याआधी ज्या विंडोत होतात ती दुसरी. म्हणून एकदाच ऑल्ट-टॅब दाबलं तर नेहमी मागच्याच विंडोत जाता, पुन्हा दाबलं तर परत. अर्ज आणि सातबारा या दोघींवर पाठोपाठ एकेकदा क्लिक करून घ्या. मग या दोघी चळतीच्या वरच्या दोन जागांवर येतात आणि एका बोटाच्या खेळात इकडून तिकडे जाता येतं. मध्ये तिसऱ्या विंडोला हात लावला की जोडी तुटते, ती पुन्हा तशीच लावायची.

खूप विंडो असतील आणि ऑल्ट दाबून धरायचा कंटाळा येत असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि टॅब एकत्र दाबा. चित्रांची यादी हात सोडल्यावरही समोर राहते, बाणांनी निवडून एंटर करा. माझी भाची केंद्रावर बसते तेव्हा हेच वापरते, कारण तिचा एक हात सतत फोनवर आलेले कागद उतरवून घेण्यात गुंतलेला असतो.

आता टॅबचा घोळ. ब्राउझरमधला टॅब म्हणजे वेगळी विंडो नव्हे. अर्ज एका टॅबमध्ये आणि सातबारा शेजारच्या टॅबमध्ये असेल तर दोन्ही एकाच वेळी दिसणं शक्यच नाही, चळतीत त्या दोघांची मिळून जागा एकच. टॅबला माउसने धरून खाली ओढा आणि सोडा, तो स्वतंत्र विंडो होतो. एखादी लिंक उघडतानाच शिफ्ट धरून क्लिक केलं तर ती थेट नव्या विंडोत उघडते. केंद्रावर नवीन येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे सगळ्यात आधी शिकवते.

मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर वापरणाऱ्यांच्या ऑल्ट-टॅबच्या यादीत टॅबसुद्धा घुसतात आणि क्रम बिघडतो. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात मल्टिटास्किंग उघडा. विंडोज 10 मध्ये ऑल्ट-टॅबसाठी "ओपन विंडोज ओन्ली" निवडा, विंडोज 11 मध्ये "डोन्ट शो टॅब्ज".

ऑल्ट-एस्केपही शिकून घ्या. यात यादी वगैरे दिसत नाही. वरची विंडो सरळ चळतीच्या तळाशी जाते आणि तिच्याखालची पुढे येते. मिनिमाइझ न करता एखादी विंडो मागे ढकलायची असेल तर याच्यासारखं काही नाही. छपाईची विंडो पुन्हा पुन्हा समोर येत असेल तर मी तिला अशीच मागे पाठवते. बाकी सगळ्याच विंडो आड येत असतील तर विंडोज की आणि होम दाबा, हातातली सोडून बाकी सगळ्या खाली बसतात. तेच पुन्हा दाबलं की परत येतात.

सातबारा अर्जावर चिकटवून ठेवणे

विंडोजमध्ये कोणतीही विंडो "नेहमी वर" ठेवायचं सर्वसाधारण बटण नाही. काही सॉफ्टवेअर आपली आपली सोय देतात. व्हीएलसीमध्ये व्हिडिओच्या मेनूत आहे, नोटपॅड प्लस प्लसमध्ये व्ह्यूच्या मेनूत आहे, टास्क मॅनेजरमध्येही आहे. आपल्याला मात्र पीडीएफ वर ठेवायची असते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये मिळतं. आत पुष्कळ साधनं असतात. चार जीबी रॅमच्या मशीनवर लागणारी दोनच चालू ठेवा, बाकी सगळी बंद करा.

पहिलं साधन "ऑलवेज ऑन टॉप". जी विंडो वर ठेवायची तिच्यावर क्लिक करून विंडोज, कंट्रोल आणि टी एकत्र दाबा. विंडोभोवती रंगीत चौकट येते, ती वरच्या गठ्ठ्यात गेली. तेच पुन्हा दाबलं की सुटते. चौकटीचा रंग सेटिंग्जमध्ये बदलता येतो. मी गडद केशरी ठेवला आहे, कारण पोर्टलांचे रंग बहुतेक निळे-हिरवे असतात आणि समोरच्या माणसालाही चौकट लगेच दिसते.

दुसरं साधन "क्रॉप अँड लॉक". ते 2023 मध्ये पॉवरटॉइजमध्ये आलं, आणि आपल्या कामासाठी याच्याइतकं उपयोगी मला दुसरं काही सापडलेलं नाही. हे सावकाश सांगते.

सातबारा पीडीएफमध्ये उघडा. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून एवढा मोठा करा की गट नंबर आणि क्षेत्राची ओळ लांबूनही वाचता येईल. आता विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबा. स्क्रीन मंद होते आणि माउसने चौकोन काढता येतो. गट नंबरची ओळ तेवढी चौकोनात घ्या आणि सोडा. त्या ओळीपुरती एक छोटी नवी विंडो तयार होते. हा फोटो नव्हे, मूळ पीडीएफमध्ये तुम्ही खाली-वर सरकलात तर या छोट्या विंडोतही सरकलेलं दिसतं. मूळ पीडीएफ बंद करू नका, मिनिमाइझही करू नका, नुसती अर्जाच्या मागे राहू द्या.

आता त्या छोट्या विंडोवर क्लिक करून विंडोज-कंट्रोल-टी. केशरी चौकट आली. ती धरून पोर्टलच्या वरच्या पट्टीवर नेऊन ठेवा, जिथे बोधचिन्हं आणि फोटो असतात आणि भरायचं काहीच नसतं. खाली अर्ज पूर्ण रुंदीत. अर्ज कितीही खाली सरकवला तरी सातबाऱ्याची ओळ जागची हलत नाही. काकाजींना बोट ठेवून दाखवता येतं की हा कागदावरचा, हा मी टाकलेला, आता तुम्ही वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी आकडे मोठ्याने वाचून दाखवते, आधी वरचे, मग खालचे. नंतरच सबमिट.

एक अडचण येऊ शकते. एखादं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल तर पॉवरटॉइज त्याच्या विंडोला हात लावू शकत नाही, शॉर्टकट दाबून काहीच घडत नाही. पॉवरटॉइजलाही सेटिंग्जमधून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, मग चालतं.

ज्यांना पॉवरटॉइज जड जातं त्यांनी निदान पीडीएफसाठी सुमात्रा पीडीएफ वापरावं. अगदी हलकं आहे, स्कॅन केलेले फोटोही उघडतं. एफ 8 दाबलं की त्याची टूलबार जाते, एफ 9 दाबलं की मेनू जातो. विंडो उंचीने कमी करून दोन-तीन ओळींची पट्टी करता येते. ती वर चिकटणार नाही, पण ऑल्ट-टॅबच्या जोडीत झकास बसते.

आणि काम झालं की ती विंडो बंद करा. हे मी फार मनापासून सांगते. वर चिकटवलेला आधार किंवा पासबुक तसंच राहिलं तर पुढच्या माणसाला मागच्या माणसाचा नंबर आणि शिल्लक दिसते. गाव लहान असतं, कोणाच्या खात्यात किती आहे ते दुपारपर्यंत पारावर पोहोचतं. माणूस स्टुलावरून उठला की आधी चौकटीची विंडो बंद, मग पुढच्याचं नाव.

वर असणं वेगळं, अक्षरं घेणं वेगळं

नवीन लोक इथेच अडखळतात. सातबाऱ्याची पट्टी वर आहे म्हणून टाइप केलेलं तिच्यात जातं असं नाही. ज्या विंडोवर शेवटचं क्लिक केलं तिच्यात जातं. आणि उलटही होतं. पट्टी हलवायला तुम्ही तिला धरलं, सोडलं आणि तसंच टाइप करत राहिलात तर आकडे अर्जात पडतच नाहीत. म्हणून पट्टी हलवली की अर्जाच्या रकान्यात एकदा क्लिक, मगच टाइप.

चालू विंडो कोणती हे विंडोज 10 आणि 11 मध्ये सहज ओळखू येत नाही, सगळ्यांचे मथळे पांढरेच. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात कलर्स उघडा आणि टायटल बार व विंडोच्या कडांना ॲक्सेंट रंग देण्याची खूण करा. बहुतेक विंडोंचा मथळा मग त्या चालू असतानाच रंगीत दिसतो. माउसच्या सेटिंग्जमध्ये क्लिक न करता नुसत्या माउसखालची विंडो चाकाने सरकवायची सोयही असते, ती चालू ठेवा. कर्सर अर्जात राहतो आणि मागे डोकावणारा आठ-अ सरकवता येतो.

कंट्रोल पॅनलच्या ईझ ऑफ ॲक्सेसमध्ये माउस नेला की विंडो आपोआप चालू होण्याची सोय आहे. ती आपल्याकडे वापरू नका. छोट्या स्क्रीनवर माउसला नुसता धक्का लागला तरी भलतीच विंडो वर येते, आणि एकाच टेबलावर चार माणसांचे कोपर टेकलेले असताना धक्का लागतोच.

क्षेत्राचा हिशेब

विंडोजच्या कॅल्क्युलेटरला वर ठेवायची सोय आतच आहे, वेगळं काही लागत नाही. स्टँडर्ड मोडमध्ये नावाशेजारी छोटं चिन्ह दिसतं, ते दाबा किंवा ऑल्ट आणि वरचा बाण. ऑल्ट आणि खालचा बाण दाबला की पूर्ववत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि समोरचा माणूस एकरात बोलतो. 1 हेक्टर म्हणजे 100 आर, म्हणजे 2.471 एकर. 1.62 हेक्टर असेल तर 4 एकर. "चार एकरात दोन सोयाबीन, एक कपाशी, एक तुरी" असं ते सांगतात आणि आपल्याला पीकनिहाय हेक्टर भरायचे असतात. एकराला 2.471 ने भागायचं. बेरीज सातबाऱ्यावरच्या क्षेत्राच्या पुढे जात नाही ना, तेही तिथल्या तिथे बघून घ्यायचं.

विंडो हरवते तेव्हा

"मावशी, मशीन हँग झालं," अशी हाक आली की मी आधी ऑल्ट-टॅब दाबते. बऱ्याचदा काहीच हँग झालेलं नसतं. एखादी छोटी विंडो कुठेतरी मागे उत्तराची वाट बघत असते. वर सांगितलं की अशी विंडो मालकिणीच्या खाली जात नाही. पण वर चिकटवलेली दुसरी विंडो तिला झाकू शकते. शिवाय काही जुनी सॉफ्टवेअर आपल्या छोट्या विंडोची मालकी नीट लावत नाहीत, मग ती मागे जाते आणि पुढची विंडो मुकी होते. टास्कबारवर एखादं बटण केशरी होऊन लुकलुकत असेल तर तिथेच बघा. मागच्या सॉफ्टवेअरने तुमच्या पुढ्यात उडी मारू नये म्हणून विंडोज त्याला थांबवतं आणि त्याचं बटण लुकलुकवतं. हे चांगलंच आहे, नाहीतर नंबर टाइप करताना मधेच कोणीही समोर आलं असतं. मशीन बंद करून पुन्हा चालू करण्याआधी एवढं नक्की बघा, कारण अर्धा भरलेला अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो आणि बाहेर रांग उभी असते.

दुसरा प्रकार लॅपटॉपवाल्यांचा. ग्रामसभेत प्रोजेक्टर लावला, नंतर काढला, आणि एखादी विंडो त्या नसलेल्या पडद्यावरच राहून गेली. टास्कबारवर दिसते, स्क्रीनवर नाही. ऑल्ट-टॅबने तिच्यावर जा, ऑल्ट आणि स्पेसबार दाबा, मग एम. आता बाणाची कोणतीही की एकदा दाबा आणि माउस हलवा, विंडो माउसला चिकटून परत येते. क्लिक करून सोडा. विंडो पूर्ण मोठी केलेली असेल तर एम चालत नाही. ऑल्ट-स्पेसबारनंतर आधी आर दाबा, मग पुन्हा ऑल्ट-स्पेसबार आणि एम.

मराठी टायपिंग शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबलं की पडद्यावरचा कीबोर्ड येतो, तो नेहमी वरच राहतो आणि भाषा मराठी केली की इनस्क्रिप्टची, म्हणजे मराठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीची, अक्षरं दाखवतो. अर्धी स्क्रीन खातो खरा, पण त्याच्यावरचं "फेड" दाबलं की पारदर्शक होतो आणि मागचं दिसतं. भाचीने इनस्क्रिप्ट असंच शिकून घेतलं, की वर बघत आणि हात खऱ्या कीबोर्डवर.

केंद्राचा हिशेब आणि स्वतःचं बँकेचं काम मी वेगळ्या डेस्कटॉपवर ठेवते. विंडोज, कंट्रोल आणि डी दाबलं की नवा रिकामा डेस्कटॉप मिळतो, विंडोज-कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबला की इकडून तिकडे. गिऱ्हाईकाच्या विंडोंच्या चळतीत आपल्या घरच्या गोष्टी मिसळत नाहीत.

जुन्या मशीनवर लिनक्स असेल तर

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टची मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, आणि गावातल्या पुष्कळ मशीन टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसरच्या अटीमुळे विंडोज 11 घेत नाहीत. आमच्याकडच्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून मुख्य संगणक तसाच आहे. टायपिंग आणि छपाईच्या जुन्या मशीनवर मात्र लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती टाकली आहे. चळतीच्या बाबतीत ती विंडोजच्या पुढे आहे, हे मी आनंदाने सांगते.

विंडोच्या मथळ्यावर उजवं क्लिक करा. "ऑलवेज ऑन टॉप" तिथेच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. त्याच्याच जोडीला विंडो नेहमी इतरांच्या खाली ठेवण्याचा पर्यायही असतो, जो विंडोजमध्ये नाही. दिवसभर उघडी ठेवायची पण मध्ये मध्ये येऊ नये अशी विंडो, म्हणजे डाउनलोडचं फोल्डर, मी तशीच खाली बसवून ठेवते. मथळ्यावर माउसचं चाक दाबून क्लिक केलं की विंडो लगेच चळतीच्या तळाशी जाते. ऑल्ट धरून विंडोला कुठेही पकडून हलवता येतं, छोट्या स्क्रीनवर मथळा बाहेर गेला तरी अडत नाही.

आणि एक सोय अशी आहे की ती कळल्यावर मी जवळच्या दोन केंद्रांवर जाऊन दाखवून आले. सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर उघडा, त्यात फोकसचा टॅब. तिथे विंडोच्या आत क्लिक केलं की ती वर आणायची, अशी खूण असते. ती काढून टाका. आपोआप वर आणण्याची दुसरी खूण असेल तर तीही काढा. आता अर्ज खाली आणि सातबारा त्याच्यावर असला तरी अर्जाच्या दिसणाऱ्या रकान्यात क्लिक करून टाइप करता येतं आणि सातबारा वरच राहतो. काहीही चिकटवावं लागत नाही. एखादी विंडो खरोखर वर आणायची असेल तर तिच्या मथळ्यावर क्लिक करायचं. पहिले काही तास हात चुकतो, विंडोत क्लिक करून ती वर का येत नाही असं वाटतं. टेबलावर दुसरं कोणी बसणार असेल तर त्याला हे आधी सांगून ठेवा.